दुपारचं वाचन

१

संध्याकाळी पाच वाजले की काकू वाचायला बसायच्या. पाच म्हणजे पाच. घरात अकरा घड्याळं होती आणि त्यातली नऊ चालू होती, त्यामुळे उशिराला सबब नव्हती. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत काकू, समोर पलंगावर उशीला टेकून त्यांचे यजमान, आणि यजमानांच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये एखादं उघडलेलं गजराचं घड्याळ. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची आणि मनातल्या मनात काकूही तेच म्हणायच्या. डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती, पण बोटं निवृत्त व्हायला तयार नव्हती. चाकं, स्प्रिंगा, स्क्रू, सगळं चाचपून सुटं करायचं आणि चाचपून जोडायचं. काकू वाचायच्या, ते ऐकायचे. गोष्ट रंगली की बोटं थांबायची, आणि बोटं थांबली की आपण बरं वाचतोय हे काकूंना कळायचं.

वाचनाचं वेड त्यांना लहानपणापासूनचं. वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागदसुद्धा सोडायच्या नाहीत. "हिला चूल पेटवायला कागद देऊ नका, वाचत बसेल आणि सगळे उपाशी राहतील," असं त्यांची आई म्हणायची. त्या घरात मुलींची शाळा सातवीला संपायची. काकूंची संपली नाही, कारण पुस्तकातल्या मुलींची संपत नव्हती, आणि आपण का थांबायचं हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नाही. पुढे टेलिफोन खात्यात नोकरी लागली. लग्नही वाचनानंच जमवलं. मनगटी घड्याळ दुरुस्तीला टाकलं, "दहा मिनिटं बसा" म्हटल्यावर पुस्तक उघडून बसल्या, त्या दुकान बंद करायची वेळ झाली तरी बसलेल्याच. तरुण घड्याळजींनी दिवा मालवायच्या ऐवजी आणखी एक लावला. ही हकीगत ते येणाऱ्याजाणाऱ्याला चाळीस वर्षं सांगत आले होते.

पुस्तकं यायची कोपऱ्यावरच्या वाचनालयातून. काकू रोज दुपारी तीनला जायच्या, चारला परत. तिथल्या जुन्या सभासदांची एक गुपित रीत होती. वय झालं की वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येतं आणि पन्नास पानं झाल्यावर डोक्यात प्रकाश पडतो. म्हणून प्रत्येकानं आपापली खूण ठरवलेली. निवृत्त स्टेशनमास्तर एकविसाव्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलनं गोल काढायचे. शिंपीणबाई शेवटच्या पानाला सुईनं भोक पाडायच्या. काकू तेहतिसाव्या पानाच्या आकड्याखाली बारीकशी टिकली मारायच्या, शेपूट डावीकडे वळलेली, कारण त्या पेन्सिल मुळातच वाकडी धरायच्या. ग्रंथपालबाईंना सगळ्यांच्या खुणा पाठ होत्या. त्या फक्त माहीत नसल्याचं दाखवायच्या.

त्या सोमवारी ग्रंथपालबाईंनी काकूंच्या समोर नव्या पुस्तकांचं पार्सल फोडलं. एका कादंबरीवर शिक्का मारला, कार्ड चिकटवलं आणि म्हणाल्या, "घ्या काकू, पहिल्या तुम्हीच." पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. काकूंनी सवयीनं तेहतिसावं पान उघडलं.

आकड्याखाली टिकली होती. शेपूट डावीकडे वळलेली.

छापखान्यात शाई उडाली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग बोट ओलं करून त्यावरून फिरवलं. बोटाला पेन्सिलीचा काळेपणा लागला.

२

काकूंच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती त्यांनी सहा वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

घड्याळजींचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर. एका दुपारी त्या उजव्या डोळ्यात कळ उठली. ते आतल्या खोलीत होते, काकू ह्याच खुर्चीत. कादंबरीची शेवटची चाळीस पानं उरली होती. "अगं, जरा ये," अशी हाक आली. काकूंनी ती ऐकली. एवढं पान होऊ दे, असं त्या मनात म्हणाल्या. दुसरी हाक आली तेव्हा ते पान झालं होतं, पण पुढचं सुरू झालं होतं. तिसरी हाक बारीक आली. नंतर हाका थांबल्या, आणि काकूंना हायसं वाटलं. ते हायसं वाटणं त्यांना सगळ्यात जास्त खात होतं.

पुस्तक मिटून त्या आत गेल्या तेव्हा घड्याळजी जमिनीवर होते, ओकारीनं शर्ट भिजलेला, दोन्ही तळवे डोळ्यावर दाबलेले. काकूंच्या तोंडून निघून गेलं, "मी गच्चीवर होते हो, कपडे काढत होते, ऐकूच आलं नाही." दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "काचबिंदूचा झटका आहे. दोन तास आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." आणि घड्याळजी त्या अवस्थेतही म्हणाले, "ती गच्चीवर होती हो डॉक्टर. तिचा काय दोष?"

ते वाक्य काकूंनी गिळलं आणि ते कधी पचलं नाही. पहिल्या महिन्यात सांगायला हवं होतं. मग वाटलं, आता वर्ष झालं, आता काय सांगायचं. मग तीन वर्षं झाली. त्यांना घड्याळजींच्या रागाची भीती नव्हती. उद्यापासून ते आपल्याकडून ऐकायचं बंद करतील, पाच वाजता म्हणतील, 'नको, राहू दे,' ह्याची होती.

म्हणून त्या वाचत राहिल्या. वाचताना मात्र डोळा पुढे ठेवायच्या. आंधळा माणूस, दवाखाना, नवऱ्याशी खोटं बोललेली बायको असं काही समोर दिसलं की दोन परिच्छेद गाळायचे आणि पुढच्या वाक्याला असा सांधा लावायचा की कळणार नाही. ह्यात त्यांचा हातखंडा होता.

३

सोमवारी पाचला त्यांनी नवी कादंबरी उघडली. एका आडगावच्या पोस्टातल्या बाईची गोष्ट होती. पहिलं पान झालं असेल नसेल, घड्याळजी म्हणाले, "अगं, हे झालंय की."

"कधी झालंय? आज तर आणलंय मी."

"आज दुपारीच वाचलंस. ती पत्ता न सापडलेली पत्रं ट्रंकेत घालून कुलूप लावते, तिथवर आलो होतो. आता पुन्हा पहिल्यापासून कशाला?"

"दुपारी मी वाचनालयात होते."

"मग आल्याबरोबर वाचलं असशील." ते स्क्रू बोटानं फिरवत होते. "पण मोठ्या घड्याळाचा साडेतीनचा ठोका मध्येच पडला होता. तू थांबली होतीस ठोक्यासाठी."

काकू हसल्या. हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक. त्यांनी पानं पुढे चाळली. अठ्ठावन्नाव्या पानावर ट्रंक होती. पत्रं होती. कुलूप होतं.

"एक मात्र बरं केलंस दुपारी," घड्याळजी म्हणाले. "उड्या नाही मारल्यास."

"कसल्या उड्या?"

"अगं, जन्म गेला माझा ह्या धंद्यात. चाकाचा एक दात तुटलेला असला तरी मला आवाजावरून कळतं. तू गाळतेस, मला ठाऊक आहे. मला वाईट वाटू नये म्हणून गाळतेस, म्हणून मी बोललो नाही कधी. पण सलग ऐकायला बरं वाटलं आज."

 काकूंनी एकोणसाठाव्या पानापासून वाचायला घेतलं, आणि घड्याळजींची बोटं शेवटपर्यंत काम करत राहिली.

४

आपलं डोकं चालेनासं झालंय, हा विचार त्यांना भुताखेतापेक्षा बरा वाटला. त्याला निदान औषध असतं. रात्रभर त्यांनी टेलिफोन खात्यातले जुने नंबर आठवून पाहिले. स्टेशन, दवाखाना, बर्फाचा कारखाना, एकूण एक आठवले. त्यांनी आपल्या तिन्ही नणंदांची लग्नाची सालं म्हणून पाहिली. तीही बरोबर आली. मग स्वतःवरच चिडून त्यांनी ठरवलं, घड्याळजी दुपारी डुलकी काढतात, स्वप्नात ऐकलं असेल काहीतरी. अठ्ठावन्नाव्या पानावरची ट्रंक स्वप्नात कशी आली, ह्या प्रश्नाकडे त्यांनी सरळ पाठ फिरवली.

मंगळवारी दुपारी त्या वाचनालयात गेल्या आणि नोंदवहीत सही करताना वेळ मुद्दाम ठळक लिहिली, तीन वाजून पाच मिनिटं. कादंबरी घरीच कपाटात ठेवली होती आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये होती. ग्रंथपालबाईंशी त्या तासभर काही ना काही बोलत राहिल्या. "आज काय काकू, पुस्तकांऐवजी माझ्यावरच भागवताय?" ग्रंथपालबाई म्हणाल्याच शेवटी.

परत येताना खालच्या मजल्यावरची शेजारीण दारात उभी होती. तिचे हात साबणाचे होते.

"काकू, काय सुरेख वाचत होतात हो! भांडी तशीच टाकून ऐकत बसले मी."

"कधी?"

"आत्ताच की. शेवटी शेवटी तर माझ्या अंगावर काटा आला." मग तिनं काकूंच्या हातातली पिशवी पाहिली, पायातल्या चपला पाहिल्या. "तुम्ही खाली कधी उतरलात पण? मी तर इथंच उभी आहे."

काकू काहीतरी पुटपुटून जिना चढल्या. दाराला कुलूप जसंच्या तसं होतं. कपाटालाही होतं. आत सगळं जागच्या जागी होतं, फक्त वेताची खुर्ची खिडकीपासून हलली होती. ती पलंगाला लागून होती. इतकी की बसणारीचा गुडघा गादीला टेकला असता. आपण उजेडासाठी खिडकीशी बसतो, असं काकू सहा वर्षं सगळ्यांना सांगत आल्या होत्या. खरं म्हणजे त्यांना घड्याळजींच्या चेहऱ्याच्या एवढ्या जवळ बसवत नव्हतं.

"आलीस?" घड्याळजी म्हणाले. "पाणी प्यायला उठलीस वाटतं. बस, बस."

त्यांच्या मांडीवर ट्रे नव्हता. तो जमिनीवर ठेवलेला होता, झाकण लावून.

५

"आज कुठवर आलो होतो?" काकूंनी विचारलं. आवाज त्यांना साधा ठेवता आला, ह्याचं त्यांना नवल वाटलं.

"मला विचारतेस? बरं, सांगतो. ती पोस्टातली बाई कुणाचं तरी पत्र फोडून वाचत बसलेली असते. नवरा आतल्या खोलीतून हाक मारतो. मग दुसरी मारतो. मग तिसरी. आणि नंतर त्याला ती सांगते, मी गच्चीवर होते म्हणून." त्यांनी खुर्चीच्या दिशेला तोंड केलं. "तिथं तू पुस्तक मिटलंस. म्हणालीस, पुढचं गुरुवारी."

काकूंनी कपाट उघडून कादंबरी काढली. त्यांनी सगळी पानं पाहिली, पहिल्यापासून शेवटापर्यंत, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. पोस्टातल्या बाईला नवराच नव्हता. ती विधवा होती, तिसऱ्याच पानावर तसं लिहिलं होतं.

"तिनं ऐकलं असेल का गं?" घड्याळजींनी विचारलं. "हाका, म्हणते मी. म्हणजे म्हणतो मी." ते हसले नाहीत. बोलताना ते असे कधी अडखळत नसत. "की होती खरंच गच्चीवर?"

आता. आता सांगून टाकावं. शब्द अगदी दातांपर्यंत आले.

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "चहा टाकते."

बुधवारी त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. तीन वाजता खुर्ची खिडकीशी ओढून, दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या. साडेतीनचा ठोका पडला, पावणेचार झाले, चार झाले. काही झालं नाही. घड्याळजी मात्र पलंगावर कूस बदलत राहिले, एकसारखे दाराकडे कान देत.

"आज दुपारी वाचलं नाहीस," शेवटी ते म्हणाले.

"आज दुपारभर मी इथंच होते."

"तेच म्हणतोय मी," घड्याळजी म्हणाले. आणि थोड्या वेळानं, लहान मुलानं खाऊबद्दल विचारावं तसं, "उद्या जाशील ना वाचनालयात?"

त्या रात्री काकू उशीत तोंड खुपसून रडल्या. नवऱ्याला कुणीतरी नादी लावलंय अशा बायकांच्या गोष्टी त्यांनी ढीगभर वाचल्या होत्या, पण असल्या सवतीची एकही नव्हती.

६

गुरुवारी त्यांचं ठरलं. पुस्तक घरात ठेवायचंच नाही. तीनला निघायचं, वाचनालयात ते परत टाकायचं, उलट्या पावली यायचं. जाऊन येऊन दहा मिनिटं. आल्याबरोबर खुर्ची पलंगाजवळ ओढायची आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. मग काय व्हायचं ते होवो. निर्णय झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की जिना उतरताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

ग्रंथपालबाई आतल्या मांडणीपाशी होत्या. "आलेच काकू, दोन मिनिटं," त्या आतून ओरडल्या. काकू टेबलापाशी उभ्या राहिल्या. शेवटचं एकदा बघून घ्यावं, म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं.

एकशे एकेचाळिसाव्या पानावर दुपार होती. खुर्चीतली बाई होती. आतल्या खोलीतून हाक येत होती.

 काकू बाकावर बसल्या. पुस्तक मिटावं आणि पळत सुटावं, हे त्यांना कळत होतं. पण लिहिलं होतं फार सुंदर. त्या बाईचं ते हायसं वाटणं असं लिहिलं होतं की काकूंना वाटलं, हे कुणाला तरी माहीत आहे. जगात कुणाला तरी हे माहीत आहे. त्यांनी पान उलटलं. बाई दवाखान्यात खोटं बोलली. पान उलटलं. बाई नवऱ्याला वाचून दाखवू लागली, गाळून गाळून. आता ती त्याला सांगणार की नाही? सांगितल्यावर तो काय म्हणणार? एवढं कळलं की निघायचं. अजून तीन पानं. अजून दीड.

खांद्यावर हात पडला.

"काकू! अहो तीनदा हाक मारली मी तुम्हाला." ग्रंथपालबाई वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "बरं वाटत नाहीये का? चार वाजून गेलेत."

काकूंनी पुस्तक तसंच पिशवीत कोंबलं आणि त्या धावत सुटल्या. ह्या वयात, भर रस्त्यात, लोक वळून बघत असताना.

७

खालची शेजारीण जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, डोळे पुसत. काकू तिच्या अंगावरून वर गेल्या तरी तिनं मान वर केली नाही.

दार आतून नुसतं लोटलेलं होतं. आतून काकूंचा आवाज येत होता. आत्ताचा, घशात अडकणारा नाही. टेलिफोन खात्यातला, समोरच्याला एकदाही 'काय म्हणालात' म्हणावं न लागणारा आवाज.

"'तिनं ऐकलं होतं,'" आवाज वाचत होता. "'पहिली हाक ऐकली होती. दुसरीही. तिसरी बारीक आली, तीही. ती गच्चीवर नव्हती. ती खुर्चीत होती आणि तिला उठायचं नव्हतं.'"

पुस्तक काकूंच्या पिशवीत होतं. त्याचं वजन खांद्याला जाणवत होतं. त्यांनी दार बोटभर ढकललं.

खुर्ची पलंगाला लागून होती. खुर्चीच्या पाठीवरून विरळ पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसत होता, काकूंच्या स्वतःच्यासारखाच एका बाजूला कललेला, आणि चष्म्याची दोरी मानेवर. एक कोपर दिसत होतं. ते हललं, आणि पान उलटल्याचा आवाज आला.

त्याच्या पलीकडे घड्याळजींचा चेहरा होता. काकूंनी भीती धरली होती ती ह्या चेहऱ्याची. पण त्यावर 'नको, राहू दे' नव्हतं. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, आणि तो इतका मोकळा झालेला होता की काकूंना दुकानातला तरुण माणूस क्षणभर ओळखू आला.

"मला ठाऊक होतं गं," ते म्हणाले. "गच्चीवर त्या दिवशी कपडेच नव्हते. मी वाट बघत होतो, तू कधी सांगतेस त्याची. एवढंच हवं होतं मला." त्यांनी हात पुढे करून चाचपला आणि खुर्चीतल्या गुडघ्यावर ठेवला. "झालं गेलं. आता नको मनाला लावून घेऊस."

काकूंना वाटलं, आपण ओरडतोय. प्रत्यक्षात त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अहो."

घड्याळजींनी मान वर केली. कान दाराकडे वळवला. त्यांच्या कानातून कधी काही सुटत नसे.

"कोण आलंय गं?" त्यांनी विचारलं.

खुर्चीतला अंबाडा वळला नाही.

"कोणी नाही," काकूंचा आवाज म्हणाला.

घड्याळजी थोडा वेळ ऐकत राहिले.

"मग वाच पुढे," ते म्हणाले.